तोफेचं तोंड गोव्याकडे

“नावातच मरान हाय त्या बोटीच्या. मी नाय येनार,” चिमाबाईंनी जाहीर केलं आणि सूप पुढे ओढून तांदूळ निवडायला घेतले.

“मरान नाय गो आजी, कॅटामरान,” पियुष म्हणाला. “दोन होड्या बाजूबाजूला ठेवून वर फळ्या ठोकल्यात असं समज. एकदम सेफ.”

“दोन कशाला? एक बुडंल म्हनून ना?”

पियुष मोबाइलवर बोटीचा फोटो शोधू लागला. तो चिमाबाईंचा नातू, धाकट्या लेकाचा मुलगा. मुंबईला मोबाइलच्या दुकानात कामाला होता. महिन्यातून एकदा शनिवारी वाडीवर यायचा, काहीतरी नवीन सुरू करायचा आणि रविवारी निघून जायचा. मागच्या खेपेला त्याने वाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप सुरू केला होता. या खेपेला त्याने सगळ्या वाडीला मालवणला नेऊन समुद्रात तोंड घालून मासे दाखवायचं ठरवलं होतं. शेजारच्या भिकूची बायको सोनाबाई येणार आहे असं कळल्यावर चिमाबाईंनी मरणाचा मुद्दा मागे घेतला.

मालोजींना मात्र कुणी विचारलंच नाही. मालोजी उतेकर हे चिमाबाईंचे थोरले चिरंजीव, महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर. उंची बेताची, आवाज बेताचा, पण मिशी अशी की पोलादपूरच्या स्टँडवर नवखे कंडक्टर त्यांना उगाचच सलाम करत. कंपनीने त्यांना नोकरीवर घेतलं ते मिशी बघून, असं लोक म्हणत, आणि ते खरं होतं. गेटवर कॅमेरे नंतर आले. पण लाइट गेली की कॅमेरे बंद पडत. मिशी बंद पडत नसे.

टेम्पो ट्रॅव्हलर भरून मंडळी मालवणला पोचली. ज्या माणसांनी आंबेनळी घाटाच्या वळणांवर डुलक्या काढत जन्म घालवला, त्यांना सपाट समुद्राने किनारा सुटायच्या आत आडवं केलं. सोनाबाई एका बाजूने ओकत होती आणि भिकू दुसऱ्या बाजूने. त्यामुळे बोटीचा तोल उत्तम राहिला.

बोटवाल्याचं नाव रामजी. किल्ल्याच्या अलीकडे त्याने नांगर टाकला, सगळ्यांना भगव्या रंगाची जाकिटं घातली आणि काचेचा चष्मा कसा लावायचा ते दाखवलं. “ह्यो मास्क नाकार घट्ट बसाक होयो. नळी दातात. श्वास तोंडान घेवचो. भियाचा काम नाय.”

आधी चिमाबाई उतरल्या. नऊवारीचा कासोटा, वर जाकीट, कमरेला रबरी ट्यूब. त्यांनी पाण्यात तोंड घातलं ते वर काढीचनात. रामजी घाबरला. त्याने उडी मारून म्हातारीला खांद्याला धरून वर ओढलं.

“काय रे?” तोंडातली नळी काढून चिमाबाई कडाडल्या. “बघतेय ना मी!” आणि पुन्हा तोंड खाली घातलं.

मग सोनाबाई सोडून एकेक करून सगळे उतरले. मालोजींनी मास्क चढवला, नळी दातात धरली आणि खाली पाहिलं. लगेच काचेच्या आत पाणी भरलं. नाकात गेलं, डोळ्यांत गेलं. ते फुरफुरत वर आले.

रामजीने जवळ येऊन निरखलं. “तुमची मिशी आडवी येता ओ. रबर बसना नाय. केसांतसून पाणी शिरता.”

“मग?”

“एक तर भादरूक होयी, नायतर व्हॅसलीन लावया.”

‘भादरूक’ हा शब्द ऐकून पाण्यातल्या सगळ्यांनी तोंडं वर काढली. ओकत असलेली सोनाबाईसुद्धा थांबली.

“व्हॅसलीन आन,” मालोजी म्हणाले.

व्हॅसलीनची डबी आली आणि मिशीने ती निम्म्याहून अधिक पिऊन टाकली. दुसऱ्या बुडीत पाणी शिरलंच, शिवाय व्हॅसलीन काचेला लागलं. मालोजींना अरबी समुद्र दुधासारखा दिसला. तिसऱ्या बुडीत नाकाने इतकं खारं पाणी आत गेलं की त्यांनी पुढचा नाद सोडला. पण लगेच वर येणं बरं दिसलं नसतं. म्हणून डोळे गच्च मिटून, पाण्यावर पालथे पडून, शोभेल एवढा वेळ ते तसेच तरंगत राहिले.

परतीच्या वाटेवर बोटीत माशांशिवाय दुसरा विषय नव्हता. कुणाला पट्ट्यापट्ट्यांचे दिसले होते, कुणाच्या बोटाला येऊन लुचले होते. “एक पिवळा तर माज्या तोंडाकडं बघून तोंड उघडत होता,” चिमाबाई सांगत होत्या. “काय बोलत होता कोन जाने.” मालोजींची बायको संजीवनी पदराने नवऱ्याच्या पापण्यांवरचं व्हॅसलीन पुसत ऐकत होती.

एवढ्यात भिकूला कंठ फुटला. भिकूच्या आणि मालोजींच्या पडवीची भिंत एकच होती, त्यामुळे मालोजींच्या घरातलं सगळं आपल्याला कळलंच पाहिजे असं त्याला वाटे.

“मालोजीराव, तुमी काय बघितलंत? कवापासून गप बसलाव.”

सगळ्यांनी माना वळवल्या. वीस वर्षं गेटवर आत जाणाऱ्याला ‘काय नेताय?’ म्हणून विचारणाऱ्या माणसाला आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं, आणि त्याचे हात रिकामे होते.

“मासे काय, बाजारात पन असतात,” मालोजी म्हणाले. “मी मासे बघतच नव्हतो.”

“मग?”

भिकूच्या डोक्यामागे पाण्यात किल्ल्याचा तट उभा होता. मालोजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि तोंडातून शब्द निघून गेला.

“तोफ.”

“तोफ?”

“पडलीय खाली. शेवाळ हाय वर. पन तोफच.”

“केवढी?”

“चांगलीच.”

“तोंड कुठं होतं?” भिकू हा बारकाईने चौकशी करणारा माणूस होता.

मालोजी त्या वेळी ज्या बाजूला तोंड करून बसले होते ती दक्षिण होती. “गोव्याकडं,” ते म्हणाले.

संजीवनीचा पदर पापणीवरच थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग बोटावरच्या व्हॅसलीनकडे पाहिलं, आणि ते जाकिटाला पुसून टाकलं.

मालोजींचं काळीज आता सुकाणूवर बसलेल्या रामजीपाशी अडकलं होतं. हा माणूस इथे रोज बुड्या मारतो. आता हसेल आणि संपलं. पण रामजी हसला नाही. त्याने एकदा पाण्याकडे आणि एकदा मालोजींच्या मिशीकडे पाहिलं. “असात,” तो सावकाश म्हणाला. “हयसर काय काय पडलेला असा.” आणि किनाऱ्याला उतरताना त्याने मालोजींसोबत एक फोटो काढून घेतला.

गाडी कणकवलीला चहाला थांबली तोवर पियुषने ग्रुपवर टाकलं होतं, ‘आपल्या वाडीच्या सुपुत्राने शोधली शिवकालीन तोफ.’ खाली मालोजींचा मिशीसकट फोटो. चिपळूण येईस्तोवर तोफ पंचधातूची झाली. पोलादपूरला उतरले तेव्हा मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने अभिनंदनाचा ठराव केलेला होता.

सोमवारी गेटवर कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. मालोजींनी दोनतीनदा सांगून बघितलं की पाणी गढूळ होतं, नीट दिसलं नाही. त्यावर मॅनेजर म्हणाला, “हाच तर तुमचा मोठेपणा.”

पुढच्या रविवारी महाडहून यशराज आला. त्याचं फरशीचं दुकान होतं आणि तो तिथल्या इतिहासप्रेमी मंडळाचा अध्यक्ष होता. बोलायचा शुद्ध, आणि बोलताना समोरच्याचा हात धरून ठेवायचा.

“तोंड गोव्याकडे होतं, हे नक्की ना?”

“हां… म्हंजे तसंच कायतरी.”

“म्हणजे पोर्तुगीजांवर रोखलेली! मालोजीराव, तुम्ही नुसती तोफ म्हणाला असतात तर मी विश्वास ठेवला नसता. पण खोटं बोलणारा माणूस दिशा सांगत नाही.” त्याने हात आणखी घट्ट दाबला. “शिमगा झाला की पोलादपुरात तुमचा सत्कार. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मालवणला जायचं. कॅमेरेवाले असतील. पुरातत्त्ववाले एक साहेब पण येतो म्हणालेत. तुम्ही फक्त खाली जायचं आणि तोफेवर हात ठेवायचा.”

मालोजींना त्या दिवसापासून जेवण जाईना. त्यात एक नवीनच गोष्ट झाली. पोलादपूरचे एक किराणावाले सहकुटुंब मालवणला जाऊन आले आणि रस्त्यात मालोजींना मिठी मारून म्हणाले, “बघितली हो! तुम्ही सांगितली त्याच्याहून मोठीच आहे.” मग बँकेतला एक कारकून बघून आला. मग शाळेची सहल.

आता मालोजींचाच गोंधळ उडाला. आपण डोळे मिटून पालथे पडलो होतो. तेव्हा खाली खरोखरच तोफ असली तर? एवढी शिकलेली माणसं उगाच कशाला सांगतील? एकदा गुपचूप जाऊन बघून यायला हवं. असली तर प्रश्न मिटला. नसली तर रामजीचे पाय धरून, ती वाहून गेली असं त्याच्याकडून वदवून घ्यायचं. पण बघायचं तर मास्क बसायला हवा, आणि मास्क बसायचा तर…

सत्काराच्या आदल्या दिवशी घरी त्यांनी कंपनीत डबल ड्यूटी आहे असं सांगितलं आणि महाडला स्टँडजवळ, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही अशा सलूनमध्ये जाऊन बसले.

“मिशी सेट करू?” न्हाव्याने विचारलं.

“काढ.”

न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. जाऊन टीव्हीचा आवाज बंद केला. परत येऊन मालोजींच्या खांद्यावर हात ठेवला. “कोण गेलं?”

“कोन नाय गेलं.”

“वडील?”

“ते कवाच गेले.”

“म्हणजे आई.” न्हाव्याने सुस्कारा सोडला.

“अरे, आई धडधाकट हाय माजी! सकाळी भाकऱ्या भाजत होती.”

“असंच वाटतं सुरुवातीला,” न्हावी समजुतीने म्हणाला. “मन मानत नाही. माझंही तसंच झालं होतं. डोकं पण करायचं असेल ना?”

डोकं मालोजींनी मोठ्या कष्टाने वाचवलं. आरशात त्यांना ओळखीचे डोळे असलेला एक अनोळखी माणूस दिसला. वरचा ओठ इतका लहान असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. रुमालाने तोंड झाकून ते मालवणच्या गाडीत खिडकीशी बसले. गाडी हलताना त्यांनी घाम पुसायला रुमाल बाजूला केला आणि समोर फलाटावर भिकू उभा दिसला. भिकूच्या हातात पंपाचा वॉशर होता. त्याने मालोजींच्या ओठाकडे पाहिलं, त्याचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. गाडी निघाली. भिकू आता संजीवनीला सांगणार आणि ती फोन करणार, म्हणून मालोजींनी फोन बंद करून टाकला.

रामजीने त्यांना ओळखलं नाही. बोटीच्या शिडावर आता मोठ्या अक्षरांत ‘ऐतिहासिक तोफ पॉइंट’ असं लिहिलेलं होतं आणि खाली मालोजींचा फोटो होता. त्या फोटोखालीच ते बसले. बोटीत कोल्हापूरकडची मंडळी होती.

मास्क या वेळी झाकणासारखा बसला. मालोजींनी खाली तोंड घातलं आणि श्वास घ्यायचा विसरले.

खाली ऊन पोचलं होतं. हळदीसारखे पिवळे मासे थव्याने येत आणि एकदम सगळे मिळून वळत, जणू कुणीतरी शिट्टी वाजवली असावी. निळ्या पट्ट्याचा एक मासा काचेसमोर येऊन थांबला आणि तोंड उघड-मीट करत त्यांच्याकडे बघत राहिला. गेटवर उभं राहून मालोजींनी हजारो माणसं आत-बाहेर जाताना पाहिली होती. पण आपल्याला न घाबरता इतक्या जवळून कुणी बघतंय, हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी हात पुढे केला. मासा पळाला नाही.

रामजीने पाय ओढला तेव्हा त्यांना तोफेची आठवण झाली. घाईघाईने त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. वाळू होती. प्रवाळ होतं. एक लांबट खडक होता. पण त्याला तोफ म्हणायला मन फार मोठं लागलं असतं.

वर सगळ्यांना तोफ दिसली होती.

“काय तोफ हो! कडी पण दिसली मला,” एक बाई म्हणत होत्या.

मालोजींनी खोल श्वास घेतला. मासे बघून आल्यावर खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. “तिथं तोफ नाय,” ते म्हणाले. “खडक हाय.”

रामजी चुकचुकला. “पयल्यांदा इलात काय? मास्कात पाणी गेला आसतला.”

“पानी नाय गेलं. नीट बघितलं. तोफ नाय, आन् कधी नव्हती.”

“म्हणजे उतेकर खोटं बोलले म्हणता?” कोल्हापूरचे एक धिप्पाड गृहस्थ पुढे सरकले. “त्या फोटूत मिशी बघा जरा! असला माणूस खोटं बोलतोय व्हय?”

मालोजींनी मान वर करून फोटोकडे पाहिलं. त्यांचा हात आपोआप उघड्या ओठाकडे गेला. सगळी बोट उत्तराची वाट पाहत होती.

“नाय,” ते शेवटी म्हणाले. “नाय बोलायचा.”

“मग झालं तर,” गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी मालोजींना शेंगदाणे दिले.

किनाऱ्यावर येऊन त्यांनी फोन सुरू केला, तर तो हातात थरथरतच राहिला. न घेतलेल्या फोनांना सुमार नव्हता. ग्रुपवर भिकूचा संदेश होता, ‘मालोजीरावांच्या मातोश्री गेल्या. स्वतः डोळ्यांनी बघितले.’ खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. पियुषने लिहिलं होतं, ‘आजी, तू पण? निघालोय.’

मालोजींनी संदेश पुन्हा एकदा वाचला. भिकूने स्वतः डोळ्यांनी काय बघितलं, हा प्रश्न त्यांना सुचलाच नाही. घरी फोन लावला. वाडीत रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर मिळायची, त्यामुळे लागला नाही. न्हाव्याचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. त्याला कळलं होतं, आणि आपल्याला कळलं नव्हतं. आई तिकडे जात होती आणि आपण माशाशी खेळत होतो. मिशी आधी उतरवली आणि आई मागून गेली. मुलानेच बोलावणं धाडल्यासारखं झालं. परतीच्या गाडीत ते खिडकीला डोकं टेकून मुसमुसत राहिले. कंडक्टरने वरच्या ओठाकडे एकदा पाहिलं आणि पुढची सीट रिकामी करून दिली.

सकाळी वाडीची चढण चढताना अंगणात माणसं बसलेली दिसली. टोप्या, उपरणी, गुडघ्यांत माना. मुंबईची गाडी लागलेली. मालोजींनी तिथूनच हंबरडा फोडला, “आये!”

“आला काय रे?” अंगणाच्या मधोमध चहाची किटली घेऊन उभ्या असलेल्या चिमाबाई म्हणाल्या. “कप कमी पडतायत. भिकूच्या घरनं मागून आन.”

मालोजी धावत गेले आणि आईच्या पायांवर पडले. चिमाबाईंनी त्यांची हनुवटी धरून तोंड वर केलं, उजेडाकडे वळवलं आणि नीट पाहिलं.

“मी जिती असताना काढलीस?”

पियुष कोपऱ्यात नाक पुसत होता. भिकू विहिरीकडे बघत होता. सत्कारासाठी आणलेला हार वाया जाऊ नये म्हणून तोच घेऊन आलेला यशराज पुढे झाला. “मालोजीराव, सगळ्यांना काळजी वाटतेय. मिशी का काढलीत?”

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. “मासे बघाया,” मालोजी म्हणाले. “मिशीनं मास्क बसत नव्हता. मागच्या टायमाला मला कायच दिसलं नव्हतं. तोफ पन नाय. तिथं तोफच नाय. मी उगाच बोललो.”

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. आई जिवंत असताना मासे बघायला मिशी काढणारा माणूस कुणी पाहिला नव्हता, ऐकला नव्हता. शक्यच नव्हतं ते. यशराज विचारात पडला. मग हळूहळू त्याचा चेहरा उजळला. त्याने मालोजींचा हात दोन्ही हातांत धरला.

“समजलो,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “वरून सांगितलंय ना? पुरातत्त्वच्या साहेबांनी आधीच नेलं तुम्हाला. वेश बदलून.”

“नाय हो! कोन साहेब?”

“बरोबर आहे. जागा फुटली तर लोक चोरून नेतील.” तो मंडळींकडे वळला. “आजपासून तोफेबद्दल कुणी एक शब्द बोलायचा नाही. या माणसाने देशासाठी मिशी दिलीय.” आणि त्याने तो हार मालोजींच्या गळ्यात घातला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. पण दबक्या, गुप्ततेला शोभतील अशा.

दुपारपर्यंत पाहुणे पांगले. संजीवनीने पाट मांडला, पाणी ठेवलं, जेवायला वाढलं. मालोजींसमोर भाकरी ठेवताना ती एवढंच म्हणाली, “बरे दिसता तसे. तोंड दिसतंय तुमचं.”

जेवण झाल्यावर मालोजी पडवीत आईशेजारी येऊन बसले. चिमाबाई शेळ्यांसाठी दोरी वळत होत्या.

“दिसले काय रे मासे?” त्यांनी हळूच विचारलं.

“दिसले.”

“पिवळे?”

“पिवळे लय. आन् एक निळ्या पट्ट्याचा. त्यो आये, माज्या तोंडाशी येऊन थांबला. हात लावला तरी हलला नाय.”

“नाय हलत. गरीब असतात.” चिमाबाईंनी मान डोलावली. “अजून सांग.”

मालोजी सांगत राहिले. थवा कसा वळला, ऊन कसं खाली पोचलं होतं, सगळं. चिमाबाई मधेच ‘हां, हां’ करत होत्या. सांगून झालं तेव्हा त्यांनी पुन्हा एकदा लेकाच्या ओठाकडे पाहिलं.

“किती दिवस लागतील रे वाढाया?”

“पयल्यासारखी व्हायला गनपती येतील.”

“माजी येळ आली म्हंजे काढाया कायतरी होवी ना.” चिमाबाईंनी मनाशी हिशोब केला. “बरं. पन गनपतीत घरात पाव्हणे असतात, त्यात नको. गनपती होऊन जाऊ देत. तवर थांबते मी.”

आणि त्या शेळ्या सोडायला उठल्या.